काका निवृत्त झालेले नाहीत

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या कारखान्याच्या प्रेस विभागातील काका हे निवृत्त झालेले नाहीत. ते कामावर आहेत. त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला व त्यांच्याविषयी भाषणे झाली, ही गोष्ट खरी असली तरी त्यावरून कोणीही कसलाही अर्थ काढू नये.

हे परिपत्रक मी स्वतः टाइप केलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि कॅन्टीनच्या दाराशेजारच्या नोटीस बोर्डावर चार टाचण्या मारून लावलं. जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे गर्दी जमली. मी लांबून पाहत होते. लोक वाचत होते, माना हलवत होते आणि गप्प होऊन बाजूला सरत होते. शेवटी कॅन्टीनच्या मावशी आल्या. त्यांनी कोणाकडून तरी ते वाचून घेतलं आणि डोळ्याला पदर लावला.

"बघा, म्याडमच्या जिवाला किती लागलंय," त्या म्हणाल्या. "माणूस गेला तरी मानायलाच तयार नाय."

तेव्हा मला कळलं की प्रकरण परिपत्रकाच्या हाताबाहेर गेलं आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. विजेच्या पॅनेलला लागणारे पत्र्याचे डबे आम्ही बनवतो. डबे बनवण्याशी माझा संबंध नाही. मी माणसांचं खातं सांभाळते, म्हणजे रजा, भांडणं, गणवेश, वाढदिवसाचा केक आणि दिवाळीचा डबा. काका हे आमच्या सगळ्यात जुन्या पॉवर प्रेसचे ऑपरेटर. दिंडोरीकडचे, पहाडी आवाजाचे, भरघोस मिशांचे. ती प्रेस पायाच्या पेडलवर चालते. पत्रा सरकवायचा, हात मागे घ्यायचे, उजव्या पायाने पेडल दाबायचं. धडाम. त्यांच्या पायाला त्या पेडलची इतकी सवय होती की कॅन्टीनमध्ये जेवतानासुद्धा टेबलाखाली त्यांचा उजवा पाय मधूनच दाबला जायचा.

नेमका हाच पाय मोडला आणि तोही घोड्यामुळे.

पुतण्याच्या लग्नाची वरात. घोडा नवरदेवाला घेऊन मुकाट उभा होता. पुढे डीजे लागला. घोड्याने तेही सोसलं. मग काकांना उत्साह आला आणि ते घोड्याच्या पुढ्यात नाचायला गेले. घोड्याने एकच पाऊल पुढे टाकलं, ते काकांच्या पावलावर. हाडं मोडली. प्लॅस्टर झालं. मुक्काम सिडकोतल्या घरी, कॉटवर. आम्ही सगळे आळीपाळीने शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला जात होतो, आणि गेलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारत होता, "घोडा बराय ना?"

काका म्हणायचे, "घोडा टकाटक हाय. मलाच लागलंय."

त्याच सुमारास पुण्याच्या हेड ऑफिसातून एक नवी योजना आली. आजारपणातून किंवा अपघातातून उठलेल्या कर्मचाऱ्याला कामावर नीट परत कसं आणायचं, याची. त्यासाठी मला स्क्रीनवर प्रशिक्षण घ्यावं लागलं. शिकवणाऱ्या सरांच्या अंगात कोट होता आणि मागे पुस्तकांचं कपाट होतं, जे सर हलले की थोडं विरघळायचं. सरांचं म्हणणं असं की, परतणाऱ्याला सुरुवातीला हलकं काम द्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू मूळ कामावर न्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या दिवशी त्याला वाटलं पाहिजे की सगळे आपली वाट बघत होते.

मला हे फार पटलं. मला नाटकाची पहिल्यापासून हौस. मी बैठक बोलावली आणि विचारलं, "काका श्रावणात येतायत. आपण त्यांची वाट बघत होतो हे दाखवायचं कसं?"

युनियनचे अध्यक्ष क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "सत्कार!"

आता हे लक्षात घ्या. आपल्या लोकांना कोणाविषयी माया दाटून आली की हात आपोआप शालीकडे जातात. दुसरं काही सुचतच नाही. पोरगं दहावी पास झालं, शाल. नगरसेवकाने गटार झाकलं, शाल. आमच्या कारखान्यात मात्र शालीला एकच ठरलेला प्रसंग होता. माणूस निवृत्त झाला की शाल-श्रीफळ, खुर्चीला झेंडूची माळ, भाषणं, बटाटेवडे आणि मग गेटपर्यंत सगळे सोडायला. शाल पांघरून त्या गेटमधून गेलेला एकही माणूस परत मशीनवर आलेला नव्हता. हे आम्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही. सवयीचा हात सवयीच्या कपाटात गेला.

फ्लेक्सवाल्याकडे आमचं जुनं डिझाइन होतं. त्याने मजकूर बदलला, पण कोपऱ्यातला मावळता सूर्य तसाच ठेवला. भाषण करणाऱ्यांना भाषण एकच येत होतं. मॅनेजरसाहेब उठले आणि समोर बसलेल्या काकांकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काकांची उणीव आम्हाला सदैव भासेल." युनियनच्या अध्यक्षांनी त्यांना उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचं जावो अशा शुभेच्छा दिल्या. पेंट शॉपमधल्या एकाने तर काका कसे होते याच्या आठवणी सांगितल्या. होते! काका तिथेच होते, काठी टेकून, शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन. त्यांच्या मिशांवरून आसवं ओघळत होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

वडे खाऊन झाल्यावर ते मला हात धुवायच्या नळापाशी गाठून म्हणाले, "ताई, मला काढलं का हो?"

"अहो काका, काढलं कुठे? हे स्वागत होतं!"

त्यांनी हातातल्या नारळाकडे बघितलं. "मग ह्यो कशाला दिला?"

मी त्यांना अजून एक वडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर बोंब. आमचे वॉचमन हे पेठकडचे, अतिशय कर्तव्यदक्ष, आणि जे एकदा डोळ्याने पाहिलं ते ब्रह्मदेव आला तरी न सोडणारे. त्यांनी काकांना अदबीने नमस्कार केला, बसायला स्टूल दिलं आणि गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला घातला.

"मी पाहुणा हाय का रे?" काका गरजले. "माझं कार्ड हाय ना!"

"कार्ड असंल काका. पण काल शाल घातली ना? मी सोता बघितलं. इथंच उभा व्हतो."

मी धावत गेले. योजना समजावली. वॉचमननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्याडम, तुम्ही म्हणता तर सोडतो आत. पण बिल्ला राहू द्या. शालीचा मान हाय."

त्या दिवसापासून काका रोज पाहुण्याचा बिल्ला घालून कामावर येऊ लागले.

पाय पूर्ण बरा होईपर्यंत द्यायचं हलकं काम म्हणून मी त्यांना पुढच्या ऑफिसात बसवलं होतं. आल्या-गेल्याला पाणी विचारायचं, योग्य माणसाकडे पाठवायचं. पण कारखान्याच्या लेखी निवृत्त माणूस ओढीने भेटायला आला होता. येता-जाता प्रत्येक जण थांबायचा. "आलात का काका? करमत नाही ना घरी? बरं केलंत!" चहा यायचा. दुसरा यायचा, तो परत चहा सांगायचा. बिचारे काका आठ तासांची पाळी भरून जायचे आणि लोक त्यांच्या जिव्हाळ्याचं कौतुक करायचे. एकदा माल घेऊन आलेला ट्रकवाला मला म्हणाला, "आजकाल असे लोक राहिले नाहीत बघा. निवृत्त होऊनही रोज येतात, तेही फुकट!"

तिकडे त्यांच्या प्रेसवर बदली माणूस होता. नामपूरकडचा, चाळिशीचा, कामाला चोख, बोलायला कमी. तो बागलाणी बोलीत बोलायचा आणि निम्मं आम्ही अंदाजाने समजून घ्यायचो. तो रोज सकाळी काकांच्या पाया पडायचा, जसं निवृत्त ज्येष्ठाच्या पडतात तसं, आणि नेमका उजव्या पायाला हात लावायचा. काका "आयो!" करून ओरडायचे. तो दचकून मला म्हणायचा, "ताई, मना काय गुन्हा शे?" गुन्हा काहीच नव्हता. पण प्रेसजवळच्या स्टुलावर त्याने घरून आणलेली उशी ठेवलेली काकांनी काचेतून पाहिली होती, आणि त्या उशीने त्यांची झोप उडवली होती.

घरी आणखीच बहार होती. काकू मला फोनवर म्हणाल्या, "तुम्ही ती शाल घातली आन घरात पाहुण्यांचा पूर आला बघा." ओझरला राहणारे काकांचे साडू विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. नवा सोबती मिळाल्याच्या आनंदात ते भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. (कुठे जायची वेळ उरली नाही त्याला आपण घड्याळ का देतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.) काका घसा फोडून सांगत होते की मी कामावर जातो. साडू हसून पाठीवर थाप मारायचे, "सुरुवातीला असंच होतं. मीही महिनाभर डबा घेऊन स्टॉपवर उभा राहायचो."

खरी अडचण पुढे होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे मशीनची पूजा होते. सगळीकडेच होते. पण आमच्या कारखान्याचा एक जुना कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही आणि म्हणूनच कोणी मोडत नाही. खंडेनवमीला ज्याने हार घातला, त्याची ती मशीन पुढच्या खंडेनवमीपर्यंत. आजारपणातली बदली सोडली तर मधे बदल नाही. एकदा आमच्या शेठनी गंमत म्हणून जनरेटरला हार घातला, तर वर्षभर लाइट गेली की लोक शेठच्या केबिनचं दार वाजवायचे. आणि शेठ मुकाट खाली यायचे!

म्हणजे त्या दिवशी नामपूरकराने प्रेसला हार घातला की काकांचं वर्ष पुढच्या ऑफिसातल्या खुर्चीत, पाहुण्याच्या बिल्ल्यासह. खरी निवृत्ती अजून तीन वर्षं लांब होती. काका मला म्हणाले, "ताई, मला काय पण करा, पण माझ्या मशीनवर मला परत बसवा. चहा पिऊन पिऊन मी मरंन हितं."

गंगापूर रोडवरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी स्वतः त्यांना आणि काकूंना घेऊन गेले. डॉक्टरांनी फोटो पाहिला, पाय फिरवला, स्वतःचा तळहात पुढे धरून म्हणाले, "दाबा." काकांनी सगळ्या मोसमाचा राग त्या पायात आणून दाबलं. डॉक्टर खुर्चीसकट भिंतीकडे सरकले.

"उत्तम!" ते म्हणाले. "पूर्ण काम करायला हरकत नाही." मग काकूंकडे वळून हसत म्हणाले, "पण आता काय, निवृत्तीच म्हणे! आराम करा, नातवंडं खेळवा."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघू लागले.

यानंतर मी ते परिपत्रक काढलं. त्याचं काय झालं ते सांगितलंच. मग पुन्हा बैठक. विषय एकच, झालेला सत्कार परत कसा घ्यायचा? अध्यक्ष म्हणाले, "दुसरी शाल घाला. वजा वजा अधिक." मॅनेजरसाहेब म्हणाले, "त्याने डबल निवृत्त होतील." पेंट शॉपवाल्याने सुचवलं की शाल गुपचूप काढून घ्यावी. त्यावर दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशी कडाडल्या, "दिलेली शाल माघारी घेत नसत्यात! सवाष्णीचं घर हाय ते!" बैठक वड्यांवर संपली. आमच्याकडच्या सगळ्या बैठका त्यावरच संपतात. हरलेल्या मनाने मी खंडेनवमीची फुलं मागवली.

तो दिवस उजाडला. मशीन धुऊन पुसून चकचकीत, जमिनीवर रांगोळ्या, सगळीकडे झेंडू आणि ऑइलचा मिळून एक वास, जो मला दसरा म्हटलं की सोन्याच्या पानांआधी आठवतो. वॉचमननी काकांना बिल्ला घातला आणि पुढच्या रांगेत नेऊन पाहुण्यांच्या खुर्चीत शेठशेजारी बसवलं. काकांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. चेहरा असा, की मी प्रसादाचे पेढे मोजायचे सोडून त्यांच्यावर नजर ठेवली.

गुरुजी एकेका मशीनपुढे मंत्र म्हणत, हळदकुंकू वाहत पुढे येत होते. त्यांना अजून दोन कारखाने उरकायचे होते, त्यामुळे मंत्रांना चांगला वेग होता. प्रेसपाशी येऊन त्यांनी विचारलं, "यजमान कोण?"

नामपूरकर हार घेऊन पुढे झाला. इकडे काकाही उठून उभे राहिले. काठी खुर्चीलाच राहिली. आता तुम्हीच सांगा, असा प्रसंग पुढ्यात असताना कोणत्या शहाण्या बाईने मधे बोलावं? मी पेढ्याचा बॉक्स छातीशी धरला आणि जागा सोडली नाही.

"दोघं?" गुरुजी म्हणाले. "लवकर ठरवा हो. सातपूरला लोक थांबलेत."

काका प्रेसपुढे गेले. पिशवीतून त्यांनी घडी घातलेली शाल काढली, आमचीच, आणि नारळ काढला, तोही आमचाच. देव्हाऱ्यात ठेवला होता म्हणे त्यांनी इतके दिवस.

"ही शाल मला चुकून दिली लोकांनी," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी फक्त पाय दाबला. कष्ट हिनं उपसले. सत्कार हिचा हाय." आणि त्यांनी ती शाल उलगडून प्रेसच्या खांद्यांवर, म्हणजे जिथे तिचे खांदे असते तिथे, नीट पांघरली. मग दगडावर नारळ फोडला. पाणी चहूकडे उडालं, थोडं शेठच्या बुटांवर.

पण हार नामपूरकराच्या हातात होता. काका त्याच्याकडे बघत उभे. कायदा म्हणजे कायदा, हार हिसकावता येत नाही.

नामपूरकराने हार सरळ काकांच्या हातात ठेवला. "ल्या काका," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केल्यासारखा एका दमात म्हणाला की त्याला पुढे कांद्याच्या लागणीला गावी जायचं आहे, हार घातला असता तर वर्षभर अडकला असता, आणि हे तो केव्हापासून सांगणार होता पण त्याला कोणी विचारलंच नाही!

खरंच, त्याला कोणी विचारलं नव्हतं. कोटवाल्या सरांनीही बदली माणसाला विचारायचं असं शिकवलं नव्हतं. त्याने स्टुलावरची आपली उशी उचलली, काखेत मारली आणि इतक्या मोकळ्या चेहऱ्याने मागे सरकला की त्याच्यासाठीच टाळ्या वाजवाव्यात.

काकांनी हार घातला. गुरुजींनी अक्षता टाकल्या आणि तेवढ्यात बॅगही आवरली. मॅनेजरसाहेबांनी मेन स्विच टाकला. शुभ म्हणून मशीन एकदा चालवायची असते. काकांनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं, हात मागे बांधले, उजवा पाय उचलला, पेडलवर ठेवला आणि दाबला.

धडाम!

टाळ्या, शिट्ट्या. मावशी रडायला लागल्या, या वेळी योग्य कारणाने. काका वळले, गळ्यातला पाहुण्याचा बिल्ला काढला आणि रुबाबात वॉचमनपुढे धरला. वॉचमननी तो घेतला, पण त्यांची नजर काकांवर नव्हतीच. ते डोळे विस्फारून, शाल पांघरून हार घालून उभ्या असलेल्या त्या प्रेसकडे बघत होते. आणि टाळ्या थांबायच्या नेमक्या क्षणाला, शेठपासून गुरुजींपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले,

"पण म्याडम, शाल तर मशीनला घातली! मंग मशीन रिटायर झाली ना... आता काका काम कशावर करणार?"